बसला म्हणजे चालला, असा नाय

मुकादमचाचांनी रियाधमधल्या एकोणीस वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, "नाय." आमच्याशी मराठीत नाय, पाकिस्तानी ड्रायव्हरशी हिंदीत नहीं, आणि अरबांशी दोन्ही हात कोपरापासून झटकून, "मम्नूअ!" मना आहे, चालणार नाही. गिऱ्हाईक चिडो, हात जोडो, मोठ्या घरातलं नाव सांगो, चाचांचा शब्द बदलत नसे.

अल मलाझमधल्या एका जुन्या दुमजली इमारतीत आमच्या शेखांची एअर कंडिशनिंगची कंपनी होती. मी नाशिकहून तिथे इंजिनिअर म्हणून आलो होतो. इमारतीच्या मागे कॉम्प्रेसरचं गोदाम, आणि गोदामाला लागून एक लांबट खोली. त्या खोलीत शेखांच्या जुन्या फौजी बंदुका होत्या. तुर्कांच्या, इंग्रजांच्या, कुणी कुणाकडून लढाईत हिसकावलेल्या, कुणी उंटाच्या बदल्यात घेतलेल्या. शेखांकडे त्यांचे रीतसर परवाने होते आणि त्या सांभाळायला श्रीवर्धनकडचे यासीन मुकादम होते. शेखांच्या ओळखीतले लोकही घरात वर्षानुवर्षं टांगलेली आजोबा-पणजोबांची बंदूक चादरीत गुंडाळून तिथे घेऊन येत. प्रत्येकाचा प्रश्न एकच असे. हिच्यात कुठली काडतुसं घालू? चाचांची सगळी उमर या एका प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली.

माणूस बुटका, खांद्यात किंचित वाकलेला. गळ्यात दोऱ्याने अडकवलेले दोन चष्मे, एक लांबचा, एक अगदी जवळचा. अंगाला रॉकेलचा आणि तेलाचा वास. बंदूक उचलली की ते आधी बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागे ओढत, आत बोट फिरवत, मग नळी उजेडाकडे धरून डोळा लावत. स्वतः मिनिटापूर्वी ठेवलेली बंदूक परत उचलली तरी पुन्हा तेच.

"मगाशी तुम्हीच बघून ठेवलीत ना, चाचा?" मी एकदा हसून विचारलं.

"मगाशीचा मी वेगला होता," ते म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात ळ नव्हताच. डोळ्याला डोला म्हणत, गोळीला गोली. माझ्या मुलीला याची फार गंमत वाटायची. ती शाळेत इंग्रजी शिकायची आणि घरी आमच्याशीही इंग्रजीतच बोलायची. पण शुक्रवारी चाचा जेवायला आले की त्यांचं ऐकून "मला पोली नको" असं सुंदर कोकणी मराठी बोलायची. चाचा खूश होऊन तिला म्हणत, "बघ, तुझ्या बापापेक्षा शुद्ध बोलतेस."

ते काम कसं करत, हे मी नीट पाहिलं ते हाइलकडचा एक म्हातारा आला तेव्हा. बंदुकीच्या जोडीला बाजारातून आणलेला काडतुसांचा नवाकोरा डबा होता. त्याने चाचांसमोरच एक काडतूस नळीमागच्या घरात सरकवलं. बोल्ट लोण्यासारखा बंद झाला. म्हाताऱ्याने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं.

चाचांनी बोल्ट उघडून काडतूस काढून घेतलं आणि म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवलं. मग मऊ शिशाचा एक तुकडा तेल लावून नळीच्या तोंडाशी ठेवला आणि लाकडी दांड्याने ठोकत ठोकत पार दुसऱ्या टोकाने बाहेर काढला. नळी आतून जेवढी, तेवढंच ते शिसं झालं होतं. ते मोजलं. काडतुसातली गोळी मोजली. दोन्ही म्हाताऱ्याच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. साध्या डोळ्यालाही दिसत होतं, गोळी जाड होती आणि वाट बारीक.

चाचांचं अरबी तुटपुंजं. त्यांनी म्हाताऱ्याच्या करंगळीतली अंगठी काढायला लावली, ती त्याच्याच अंगठ्यावर ठेवली आणि जोराने दाबायची खूण केली. "हाथा मा यिस्लाह," ते म्हणाले, हे जमायचं नाही. मग माझ्याकडे वळून, "आमच्याकडे बायका बांगड्या भरतात ना. हात मोठा, बांगडी लहान. जोर केला तर काय फुटल? बांगडी. काडतूस बसला म्हणजे चालला, असा नाय. घरात बसला, तरी वाटेत अडकतो. आणि बंदुकीवर कायतरी ठप्पा मारलेला असतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाय. शंभर वर्षांत कुणी नली बदलली, कुणी घर कोरला, ठप्पा तोच."

म्हातारा भडकला. माझ्या आजोबांनी हिने लांडगे मारले, म्हणाला, आणि बंदूक उचलून चालता झाला. चाचा शांतपणे शिसं पुसत बसले. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या अजानेनंतर मी बाहेर गेलो तर म्हातारा अजून गाडीतच, बंदूक मांडीवर घेऊन. चाचांनी त्याला हात धरून आत आणलं. पुढचे दोन महिने ते त्या एका बंदुकीच्या मागे होते. वितळलेलं गंधक ओतून त्यांनी घराचा साचा घेतला, भिंगाखाली बघितला, जुन्या वह्या चाळल्या. शेवटी तिच्या नळीला आणि वयाला झेपतील अशी सौम्य काडतुसं शेखांच्या परवान्यावर कुठून तरी मिळवली. मग डब्याला हिरवा दोरा आणि बंदुकीच्या दस्त्यालाही हिरवा दोरा. ज्या रंगाचा दोरा बंदुकीला, त्याच रंगाचा डबा. दुसरा कुठला नाही. म्हाताऱ्याने जाताना चाचांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. चाचा लाजले.

एवढी भीती या माणसाच्या पोटात कुठून आली, हे मला तीन-चार वर्षांनी कळलं. एका शुक्रवारी जेवण झाल्यावर बायको मुलीला घेऊन शेजारी गेली होती. चाचा सुपारी कातरत होते. मी सहज विचारलं, "चाचा, तुम्ही सुट्टीवर गेलात की आधी साताऱ्याकडे कशाला जाता? घर तर श्रीवर्धनला."

अडकित्ता चालू ठेवूनच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

तरुणपणी ते मुंबईच्या बाहेर एका खासगी रायफल क्लबात बंदुका सांभाळायला होते. क्लबात जुन्या फौजी बंदुका होत्या आणि कुणीतरी दिलेली तितकीच जुनी काडतुसं. जयवंत नावाचा एक चित्रकलेचा मास्तर हौसेने नेम शिकायला यायचा. चाचांनी त्या दिवशी डबा उघडला. काडतुसं पिवळीजर्द चमकत होती. वरून बरी दिसली म्हणून त्यांनी तीच दिली.

"घोडा दाबला. टक् झाला, पण बार झाला नाय," चाचा म्हणाले. "जुनी दारू कधी कधी उशिरा पेटते. अशा वेली बंदूक तशीच समोर धरून थांबायचा. मिनिटभर हलायचा नाय. ता मला ठाऊक होता. मास्तरला ठाऊक नव्हता. मी सांगितला नव्हता. त्याने बोल्ट उघडला आणि..."

उजवा डोळा आणि उजव्या हाताची दोन बोटं. चित्रकलेच्या मास्तरची.

"दर सुट्टीला साताऱ्याला त्याच्याकडे जातो. तो चहा करतो. डाव्या हाताने चित्रा काढायला शिकलाय, ती दाखवतो. माझ्या पोरांची नावं त्याला पाठ हायत. इतकी वर्षा झाली, एकदाही त्याने मला बोल लावला नाय." चाचांनी कातरलेली सुपारी तशीच तबकात ठेवून दिली. "एक शिवी दिली असती ना इंजिनेर, तर मी सुटलो असतो."

शेखांच्या संग्रहात एक तुर्की बंदूक होती, त्यांच्या आजोबांची. दर वर्षी थंडी सुरू झाली की शेख गावाबाहेरच्या आपल्या खजुराच्या मळ्यावर जात आणि तिच्यातून एक बार काढत. एकच. आजोबांसाठी. तो बार चाचा निवडून देत. शेख बंदूक खांद्याला लावत तेव्हा चाचांचे ओठ हलत असत. बार निघाला की शेख बंदूक त्यांच्या हातात देऊन म्हणत, "यासीन, आणखी एक वर्ष."

एका वर्षी चाचांनी ती बंदूक नेहमीप्रमाणे आधी खोलून रॉकेलात भिजवली, कोरडी पुसली आणि वर खडू फासला. हे मी पूर्वी पाहिलं होतं. लोखंडात चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू खडूवर पाझरतं. थोड्या वेळाने बोल्ट जिथे अडकतो त्या जागी केसासारखी एक ओली रेघ उमटली. चाचांनी ती पुसली, परत खडू लावला. परत रेघ.

ते स्वतः बंदूक घेऊन शेखांकडे गेले. मी बरोबर होतो. चाचा म्हणाले, हिच्यासाठी आता कुठलंच काडतूस नाही. हलकं नाही, जुनं नाही, नवं नाही. शेखांनी बराच वेळ त्या रेघेवर बोट फिरवलं. मग ते एवढंच म्हणाले, "तूही म्हातारा झालास यासीन, तीही झाली. भिंतीवर लाव."

त्यानंतर वर्षभरात सगळं बदललं. शेखांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, मान एका बाजूला लवंडली. कारभार त्यांचा मुलगा तलाल पाहू लागला. त्याच सुमाराला सौदीकरणाचा रेटा वाढला होता. किती सौदी माणसं कामावर आहेत यावरून कंपन्यांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग मिळत, आणि आमची कंपनी पिवळ्यातून लालकडे सरकत होती. ज्यांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, संपत आले होते त्यांची यादी निघाली. त्यात मुकादम यासीन हे नाव होतं. इकाम्याचं नूतनीकरण नाही. तीन महिन्यांत खुरूज, म्हणजे कायमचं बाहेर.

त्यांच्या जागी मिश्अल आला. चाळिशीचा, पूर्वी लष्करी भांडारात काम केलेला. पहिले पंधरा दिवस तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. एका परदेशी म्हाताऱ्याकडून, तेही तुटक्या अरबीत शिकायचं, हे त्याला लागत असावं. मी चिडलो होतो. चाचांना म्हटलं, "कशाला शिकवता? चालले आहात ना तुम्ही?"

"त्याला पण पोरा हायत," चाचा म्हणाले. "आणि त्याचा मुलुख हाय. आपण पाव्हणे. पाव्हण्याने जाताना घर झाडून जायचा."

तिसऱ्या आठवड्यात चाचांनी त्याच्या हातात शिशाचा तुकडा आणि लाकडी दांडा दिला. मग हळूहळू मोबाइल खिशात राहू लागला. दोन महिन्यांनी एक ऐटबाज गिऱ्हाईक आलं. चाचा मुद्दाम मागे राहिले. मिश्अलने नळी मोजली, गोळी मोजली, आणि दोन्ही हात कोपरापासून झटकून म्हणाला, "मम्नूअ!"

चाचा गोदामात माझ्याकडे आले. हसत होते आणि डोळे भरले होते. "इंजिनेर, माझी नोकरी आज गेली बघ."

जायला बारा दिवस उरले असताना शेखांच्या नातवाचं, म्हणजे तलालच्या मुलाचं लग्न निघालं. समारंभ मळ्यावर होता. तलालच्या मनात आलं, नवऱ्या मुलाने पणजोबांच्याही वडिलांच्या बंदुकीतून बार काढावा. भिंतीवरची बंदूक उतरवून आणायचा निरोप आला. चाचांनी परोपरीने सांगितलं. ती रेघ पुन्हा काढून दाखवली. तलाल म्हणाला, "ही तर ओरखड्यासारखी दिसते. माझ्या वडिलांनी शंभर वेळा उडवली ती."

आदल्या दिवशी मिश्अल चाचांना म्हणाला, "आपण हिची काडतुसावर आपटणारी पिन काढून टाकू. गुपचूप. उडणारच नाही."

चाचांनी मान हलवली. "पिन दुसरी मिलते. मी गेलो की कुणीतरी बसवल. तेव्हा इथे सांगायला कोण?"

लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे मळ्यावर होतो. दुपार कलली होती. गालिचे अंथरले होते, कॉफी फिरत होती. शेखांना चाकाच्या खुर्चीत बसवून पुढे आणलं होतं. तलालने खिशातून काडतुसं काढली. "नवी आहेत. नीट बसतात. मी स्वतः बघितलं."

बंदूक मिश्अलच्या हातात होती. तो म्हणाला, "नाही."

"तुला नोकरी कुणी दिली?" तलालने सगळ्यांदेखत विचारलं.

मिश्अलची मान खाली गेली. हात मात्र बंदुकीवरून सुटला नाही. मी त्याच्याविषयी मनात जे जे काही धरलं होतं, ते त्या क्षणी गळून पडलं.

तेव्हा चाचा पुढे झाले. "तलाल, पहिला बार मी काढतो. दूर बांधून. मग मुलाच्या हातात दे. तेवढं म्हाताऱ्याचं ऐक." पाहुण्यांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, काढू दे, त्यात काय गेलं. तलालने खांदे उडवले.

चाचांनी ट्रकचा एक जुना टायर मागवला. बंदूक टायरवर पट्ट्यांनी आवळून बांधली, नळी रिकाम्या टेकडीकडे. घोड्याला लांब दोरी लावली. सगळ्यांना पाण्याच्या टाकीच्या भिंतीमागे नेलं, शेखांची खुर्ची स्वतः ढकलत नेली. परत गेले. खिशातून फडकं काढून त्यांनी बंदूक एकदा दस्त्यापासून नळीपर्यंत पुसली. उडवायच्या बंदुकीला कुणी अशा वेळी पुसत नाही. मग काडतूस भरलं, भिंतीमागे आले आणि दोरी ओढली.

तो आवाज बाराचा नव्हता. काहीतरी फाटल्याचा होता. धूर विरल्यावर आम्ही गेलो. दस्ता उभा चिरला होता. बोल्ट जागेवर नव्हता. तो मागच्या खजुराच्या बुंध्यात रुतला होता, नवऱ्या मुलाचा चेहरा बंदुकीमागे जिथे आला असता साधारण त्या रेषेत. मुलाने बुंध्यापाशी जाऊन पाहिलं आणि तो खाली बसला. त्याच्या आईचा आवाज पलीकडच्या तंबूतून ऐकू आला, काय झालं म्हणून विचारणारा.

चाचा शेखांच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "सामिहनी, या शेख." मला माफ करा. शेखांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्यांची मान हळूहळू दुसरीकडे वळली. ती आजारी मान होती, आपोआपच कलायची, हे आम्ही वर्षभर पाहत होतो. मी ते चाचांना त्या दिवशीही सांगितलं आणि नंतरही अनेकदा सांगितलं. त्यांनी मात्र ते तोंड फिरवणंच मानलं.

नंतर ऑफिसात बोललं जाऊ लागलं की हिंदीने, म्हणजे हिंदुस्तानी माणसाने, जाता जाता शेखांची बंदूक फोडली. काढून टाकलं म्हणून सूड घेतला. तलालने तसं म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही, पण त्याने ते खोडूनही काढलं नाही. एकोणीस वर्षांनी जाणाऱ्या माणसाला निरोपाचं जेवण असतं, शेख स्वतः घड्याळ देतात. यांतलं काही झालं नाही. चाचा दोनदा शेखांच्या घरी भेटायला गेले. दोन्ही वेळा दारावरच्या माणसाने सांगितलं, झोपले आहेत.

उरलेले दिवस त्यांनी त्या बंदुकीचे तुकडे स्वच्छ करण्यात घालवले. एकेक तुकडा रॉकेलात धुऊन, तेल लावून, कापडात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवला. मिश्अल शेजारी बसून कापड फाडून द्यायचा.

मी त्यांना म्हटलं, "चाचा, एक जीव वाचवलात तुम्ही."

"वाचवला ता दिसत नाय रे कुणाला," ते म्हणाले. "मोडला ताच दिसतो."

विमानतळावर मी आणि मिश्अल सोडायला गेलो. मिश्अलने बॅग उचलू दिली नाही. निरोप घेताना त्याने चाचांना तीन वेळा गालाला गाल लावला आणि तो गाडीकडे निघून गेला. मी काचेपाशी थांबलो. पलीकडे पासपोर्टच्या रांगा दिसत होत्या.

चाचांची पाळी आली. अधिकाऱ्याने बोटांचे ठसे द्यायला सांगितलं. चाचांनी बोट यंत्रावर ठेवलं. ठसा उमटला नाही. दुसरं बोट. नाही. आयुष्यभर कानशीने, तेलाने, शिशाने बोटांच्या रेषा झिजून गेल्या होत्या. अधिकाऱ्याने खुणेने सांगितलं, पूस आणि पुन्हा ठेव. चाचांनी शर्टाला बोट पुसलं, त्यावर फुंकर मारली, पुन्हा ठेवलं. मागची रांग चुळबुळ करू लागली. ते एकेक करून दहाही बोटं दाबत राहिले, शाळेत छडी खायला हात पुढे करणाऱ्या मुलासारखे. यंत्राला या माणसाची कुठलीच खूण सापडत नव्हती.

शेवटी तो तरुण अधिकारी कंटाळला. त्याने पासपोर्टवर शिक्का मारला आणि हाताने पुढे व्हायला सांगितलं.

चाचा चार पावलं चालले आणि वळले. दोन्ही चष्मे त्यांनी तपासणीच्या वेळी काढून खिशात ठेवले असावेत, कारण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्यापासून बऱ्याच अंतरावर काचेला टेकून एक अनोळखी माणूस उभा होता. चाचांनी त्याच्याकडे पाहून हात हलवला, मग हात छातीवर ठेवला. तो माणूस गोंधळला. मी काचेवर जोरजोराने थापा मारल्या, पण काच जाड होती. मग त्या अनोळखी माणसानेही हळूच हात वर केला. चाचांना ते दिसलं असावं. त्यांनी समाधानाने मान हलवली, बॅग उचलली आणि ते वळणाआड गेले.